पांगुळगाडा आणि वॉकर (लेखांक ९)

चालायला शिकणाऱ्या मुलासाठी पांगुळगाडा आणि वॉकर ही एकाच कामाची साधने समजली जातात. तशी ती नाहीत. चौदा महिन्यांच्या नातवासाठी वॉकर आणावा का, असे एका आजींनी विचारले आहे.

वॉकरमध्ये मूल बसलेले असते. झोळीसारखे आसन त्याचा भार पेलते, पाय जेमतेम टेकतात आणि मूल चवड्यांनी जमीन मागे रेटते. पुढच्या ट्रेमुळे त्याला स्वतःची पावलेही दिसत नाहीत. तोल जाण्याची वेळच येत नाही, मग तो सावरायला मूल शिकणार कसे? सेरेब्रल पाल्सी या मेंदूशी संबंधित विकारामुळे पोटऱ्या ताठ असलेल्या मुलाला तर टाचा उचलण्याचीच सवय लागते. शिवाय वॉकरमधले मूल जिन्याच्या कडेपर्यंत किंवा गरम चहापर्यंत क्षणात पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

तीन चाकांच्या लाकडी पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. भार तळव्यांवर येतो, गुडघे लटपटतात, सावरतात. सारवलेल्या जमिनीवर चाके जरा अडत, तेही सोयीचे होते. आजच्या गुळगुळीत फरशीवर गाडा निसटतो. त्यावर दोनेक किलो तांदळाची पिशवी ठेवली की तो आवरतो. गाड्यामागे मोठे माणूस मात्र हवेच.

तरीही गाडा नंतरचा. आधी धरून उभे राहणे आणि दिवाणाच्या कडेने आडवे चालणे यायला हवे. हे शिकवताना चांगला थेरपिस्ट मुलाला स्वतःच्या हातात घेत नाही. आई किंवा आजी मुलाशी कशी खेळते हे तो आधी पाहतो, एकच गोष्ट सुचवतो, ती त्यांच्याकडून करवून घेतो आणि पुढच्या भेटीत काय जमले, काय अडले ते विचारतो. उदाहरणार्थ, भाकऱ्या चालू असताना मुलाला पाटावर बसवायचे, तळवे जमिनीला टेकलेले, आणि वाट्या समोरच्या चौरंगावर. वाटीसाठी ते दहादा उठेल, दहादा बसेल. मांड्यांना याहून चांगला व्यायाम नाही, आणि त्यासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

चौदाव्या महिन्यात न चालणे हा मुळात दोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागलेली दिसली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. मात्र अठरा महिने होऊनही मूल चालत नसेल, किंवा त्याआधीच पाय ताठ वाटत असतील, एकच बाजू जास्त वापरली जात असेल, तर थांबू नये. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. तिथे तपासणी मोफत होते. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तरी तिथवरचा रस्ता कळतो.