शिवराईवरील लेख : ठशाचा दोष, ठोकण्याचा दोष आणि नंतरची विकृती

शिवराई या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. १६७४ मधील राज्याभिषेकानंतर सुरू झालेले हे नाणे पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पाडले जात होते. साहजिकच त्याच्या लेखात 'पति' व 'पती', 'शिव' व 'सिव' असे भेद आढळतात. शकार-सकारांचा किंवा ऱ्हस्वदीर्घाचा विचार करणाऱ्याला हा पुरावा मोहात पाडणारा आहे. मात्र नाण्यावर दिसणारी प्रत्येक रेघ ठसा कोरणाराच्या हातची असतेच असे नाही, आणि नाणेशास्त्रातील ही एक प्राथमिक गोष्ट आपल्या शास्त्रात पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

पोथीच्या बाबतीत लेखकाचा प्रमाद आणि वाळवीने खाल्लेले अक्षर यांची आपण गल्लत करीत नाही. नाण्यात असे दोन नव्हे, तीन थर असतात : ठसा कोरताना झालेली चूक, नाणे ठोकताना झालेली चूक आणि नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा. यांपैकी केवळ पहिला थर भाषेचा पुरावा होय.

ठोकण्याची रीत साधी होती. खालचा ठसा ऐरणीत बसविलेला. त्यावर तांब्याची चकती. चकतीवर वरचा ठसा धरून घणाचा घाव. अक्षरे ठशात खोल व उलटी कोरलेली असल्यामुळे नाण्यावर ती उठावदार व सुलटी येतात. पुढील सर्व परीक्षा या एका गोष्टीवर उभी आहे. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते; नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल असते व तिच्या कडेला धातूची बारीक वरंबी उठते. अक्षराच्या माथ्यावरील उंच रेघ मात्रा म्हणून वाचण्यापूर्वी त्याच ठशाची दुसरी नाणी पाहावीत. तडा त्यांवरही त्याच जागी, कधी अधिक लांबलेला, सापडतो.

उलट्या अक्षरांचेही तसेच. उलटे परंतु उठावदार अक्षर म्हणजे कोरणारा ते ठशात उलटे काढावयास विसरला. उलटे आणि खोल अक्षर म्हणजे आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले व त्यानेच पुढच्या चकतीवर ठसा उमटविला. दोन नाणी शेगड्यात दाबून हा दुसरा प्रकार नकली करता येतो. परंतु मग खोल अक्षरांखाली मूळच्या लेखाचे अवशेष दिसतात आणि मागील बाजूची अक्षरे चेपलेली असतात.

सर्वांत फसवा प्रकार दुहेरी आघाताचा. पहिल्या घावानंतर नाणे किंचित सरकले व पुन्हा घाव बसला, तर 'त'चा काना उजवीकडे दुसऱ्यांदा उमटतो आणि 'पति'चे 'पती' झाल्याचा भास होतो. येथे एकट्या 'त'कडे पाहून चालत नाही. नाणे सरळ सरकले असेल तर त्या बाजूवरील प्रत्येक अक्षर त्याच दिशेने, तितक्याच अंतराने दुहेरी दिसले पाहिजे. फिरले असेल तर फिरण्याच्या केंद्रापासून दूर जावे तसे अंतर वाढत गेले पाहिजे. 'प'चा काना एकेरी, 'छत्र' एकेरी, आणि 'त'पुढे मात्र जादा काना व त्यावर वेलांटीचे वळण असेल, तरच ती दीर्घ वेलांटी कोरणाराची. शिवाय दुहेरी आघातात पहिली अक्षरे दुसऱ्यांखाली दबून चपटी होतात. नंतर कोणी नुसत्या हातोड्याने ठोकलेल्या नाण्यावर चपटेपणा असतो, दुसरा लेख नसतो.

'सिव' या पाठाविषयी विशेष सावधगिरी हवी. ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्याने लेखाचा काही भाग नाण्याबाहेर राहतो. हा दोष म्हणण्याइतका अपवादात्मक प्रकार नव्हेच. 'श'चा डावा भाग असा बाहेर राहिला की उरलेल्या उभ्या दांड्यावरून श की स हे सांगता येत नाही. कड नंतर कापलेली असेल तर कापलेल्या जागेचा रंग पृष्ठभागाहून ताजा असतो आणि वजनही जोडीच्या नाण्यांपेक्षा घटते. परंतु जुनाट कापणीवर काळा थर चढलेला असल्यास केवळ रंगावर विसंबू नये. झिजलेल्या अक्षराची उंची हळूहळू उतरते; कानशीने घासलेले अक्षर एकाएकी नाहीसे होते व समांतर खुणा मागे राहतात.

हा काळसर-हिरवट थरच पुष्कळदा एकमेव साक्षीदार असतो. जुना ओरखडा आणि कालचा ओरखडा यांतील भेद तोच सांगतो. देवघरातील तांब्याप्रमाणे शिवराई चिंचेने लख्ख घासून ठेवणाऱ्या हौशी संग्राहकांमुळे हा साक्षीदार कायमचा गेला आहे. अशा नाण्यांवरील एकाकी पाठभेद भाषिक नोंदीत घेऊ नयेत, घेतल्यास एकाच ठशाची निदान दोन नाणी ताडून पाहिल्याचे तेथेच नमूद करावे.