जुन्या मॅकचं सॉफ्टवेअर: सापडतं, मग चालत का नाही?

जुन्या मॅकिंटॉशसाठी सॉफ्टवेअर शोधणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. इंटरनेट अर्काइव्ह आहे, मॅकिंटॉश गार्डन आहे. १९८७ सालचं हायपरकार्डसुद्धा तिथे मिळतं. अडचण पुढे येते. फाइल उतरवली, विंडोजवर उघडली, पेनड्राइव्हवरून जुन्या सिस्टिममध्ये नेली, आणि मॅक तिला प्रोग्रॅम म्हणून ओळखतच नाही. आपण म्हणतो, फाइलच खराब होती. पण बहुधा ती वाटेत खराब झालेली असते.

त्याचं असं आहे. जुन्या मॅकवर एकाच फाइलचे दोन भाग असू शकत: डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. मजकूर पहिल्यात, आयकॉन, मेन्यू वगैरे दुसऱ्यात. ६८००० घराण्यातल्या प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा तर प्रत्यक्ष कोडही दुसऱ्यातच! विंडोजला हा दुसरा भाग ठाऊकच नाही. त्यामुळे कधीकधी शून्य बाइटची फाइल हाती येते. नारळ आणला, खोबरं दुकानातच राहिलं, म्हणा ना.

म्हणूनच त्या काळी फाइली बांधून पाठवत. बिनहेक्स, मॅकबायनरी, स्टफइट ही सगळी तशी गाठोडी. ती विंडोजवर सोडायची नाहीत. जुन्या सिस्टिममध्ये नेऊन तिथेच स्टफइट एक्सपांडरने सोडायची. आता कुणी विचारेल, मग हा एक्सपांडर तिथे न्यायचा कसा? तो डिस्क इमेजच्या रूपात घ्यायचा. डिस्क इमेज म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची प्रत, दोन्ही भागांसकट.

काही उत्साही मंडळी विंडोजवर सोडलेली फाइल पुन्हा झिप करून इंटरनेटवर चढवतात. एखाद्याने एकट्याने लिहिलेल्या शेअरवेअरची तेवढीच प्रत उरली असेल, तर तो प्रोग्रॅम गेलाच समजा. मूळ गाठोडं कधी पुसू नये ते यासाठी.

खरा मॅक नसेल तर एम्युलेटर आहेत. मॅक प्लससाठी मिनी व्हीमॅक, सिस्टिम ८.१ पर्यंत बॅसिलिस्क टू, ९.०.४ पर्यंत शीपशेव्हर. खऱ्या मॅक प्लसचं काम जास्त किचकट. त्याची ८०० केबीची फ्लॉपी साध्या पीसीच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही, कारण मॅकचा ड्राइव्ह फिरण्याचा वेग बदलत लिहितो.

आणि फुकट मिळतं ते सगळं मोकळं असतं असं नाही. सिस्टिम ७.५.३ ॲपलने एके काळी स्वतःच १९ तुकड्यांत मोफत दिली होती. एम्युलेटरला लागणारी रॉम मात्र ॲपलच्या मालकीची; आपल्याकडे जुना मॅक असेल तर त्यातूनच ती काढून घेणं त्यातल्या त्यात सरळ.