रात्रीतून बसणारं इंजिन

दोनशे अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन दोनशे किलोच्या पुढे भरतं. बोटीच्या मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, ते लटकलेलं असतं. संध्याकाळी बटण दाबून ते पाण्याबाहेर तिरकं उचलून ठेवावं आणि सकाळी येऊन बघावं तर पंखा पुन्हा पाण्यात. मालवण, गोवा किंवा मांडव्याच्या किनाऱ्यावर बोटी चालवणाऱ्या कुणालाही ही तक्रार नवी नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: पंप गेला, नवा टाका. पण बटण सोडल्यावर पंपाची मोटर थांबलेलीच असते. त्यानंतर रात्रभर इंजिन तोलून धरण्याचं काम व्हॉल्व्ह आणि सील करतात. त्यामुळे इंजिन नीट वर जात असेल आणि नंतर बसत असेल, तर पंपाच्या गिअरवर पहिला संशय घेण्याचं कारणच नाही.

या यंत्रणेचं नाव पॉवर ट्रिम अँड टिल्ट. बोट सुटताना इंजिनाचा पाय ट्रान्समकडे आत ओढलेला हवा. त्याने नाक दबतं आणि बोट लवकर पाण्यावर चढते. वेग आला की इंजिन थोडं बाहेर ढकलायचं. नाक उचलतं, पाण्याला घासणारा तळ कमी होतो आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये वेग वाढतो. प्रमाणाबाहेर ढकललं तर बोट नाक आपटत उड्या घेते आणि पंखा हवा ओढू लागतो. हा सगळा खेळ पहिल्या सुमारे २० अंशांतला. त्यापुढचं उचलणं म्हणजे टिल्ट, उथळ पाण्यासाठी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे वाळू सतत जागा बदलते. तशा पाण्यात टिल्ट चालत नसेल तर पंख्याची पाती वाळूत गेलीच म्हणून समजा.

रचना आटोपशीर आहे. बारा व्होल्टची, दोन्ही दिशांना फिरणारी मोटर, तिच्या खाली छोटा गिअर पंप, शेजारी तेलाची टाकी, व्हॉल्व्हचा ठोकळा आणि सिलिंडर. मोठ्या इंजिनांत बहुधा दोन आखूड ट्रिम रॅम (सिलिंडरमधून बाहेर येणारे दांडे) आणि मधोमध एक लांब टिल्ट रॅम असतो. मोटर एका दिशेने फिरली की तेल रॅमच्या खाली जातं, उलटी फिरली की वर.

खरी हुशारी आहे ती व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात. तेल धरून ठेवण्यासाठी बनवलेल्या या यंत्रात तेलाला निसटायच्या वाटाही जाणूनबुजून ठेवलेल्या आहेत. रॅम टोकाला पोचल्यावरही बटण दाबून ठेवलं, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीत परत जातं. पंपाचा आवाज तेव्हा बदलतो तो त्यामुळेच. पाण्याखालच्या खडकावर इंजिनाचा पाय आदळला, तर टिल्ट पिस्टनमधले शॉक व्हॉल्व्ह उघडतात आणि इंजिन मागे उसळून वाचतं. त्याच सिलिंडरमधला सुटा मेमरी पिस्टन मात्र जागचा हलत नाही, म्हणून अडथळा गेल्यावर इंजिन आधीच्याच कोनात येऊन बसतं. मला या यंत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते. आणि बॅटरी मेली तर हाताने इंजिन हलवता यावं म्हणून मॅन्युअल रिलीज स्क्रू असतो. प्रेशर उतरतं तेव्हा बहुतेकदा यांतली एखादी वाट पूर्ण मिटलेली नसते, किंवा सील गेलेलं असतं.

सीलची गोष्ट यंत्रापेक्षा जुनी आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण प्रेस गळत होता. त्याच्या लंडनच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला यावरच्या तोडग्याचं श्रेय दिलं जातं: वाटीच्या आकाराची चामड्याची कड, जी पाण्याच्या दाबानेच दांड्याला आवळून बसते. आजची रबरी ओ-रिंग त्याच विचाराची. नील्स ख्रिस्टेन्सन या डॅनिश-अमेरिकन संशोधकाला तिचं पेटंट १९३९ मध्ये मिळालं. रिंगच्या जाडीच्या सुमारे दीडपट रुंद खाच हे त्या कल्पनेचं मर्म. दाब आला की रिंग खाचेत सरकते आणि फटीवर दाबली जाते. म्हणूनच तिच्यावर केसाएवढी चीर पडली किंवा एक बाजू चपटी झाली, तरी तिथून तेल वाट काढतं.

आता तपासणी. आधी बाहेरून कोरडं पुसून काढा आणि एक रात्र जाऊ द्या. खाली तेल दिसलं तर गळती बाहेर आहे. काहीच दिसलं नाही आणि तरी इंजिन बसलं, तर तेल आतल्या आत टाकीत किंवा पिस्टनच्या पलीकडे जातंय. मग दिशा विचारात घ्या. उभ्या बोटीवर इंजिन खाली येत असेल तर उचलण्याच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा), रिलीज स्क्रू किंवा पिस्टनचं सील. रिव्हर्स घेतल्यावर इंजिन आपोआप वर येत असेल, तर दोष खाली धरून ठेवणाऱ्या बाजूला. या एका निरीक्षणाने अर्धं यंत्र न उघडताच संशयातून सुटतं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

पहिला हात रिलीज स्क्रूला लावावा. ब्रॅकेटच्या बाजूला एक भोक असतं, आत डोकावलं की खाचेचा जाड स्क्रू दिसतो. कुणीतरी कधीतरी इंजिन हाताने उतरवताना तो सैल केलेला असतो आणि पुरता आवळलेला नसतो. आवळूनही फरक पडला नाही तर तो काढून त्यावरच्या ओ-रिंगा पाहाव्या. पण इंजिन टेकू देऊन पक्कं केल्याशिवाय त्याला हात लावू नये. दोनशे किलोंना केवळ तेलाने पेललेलं असतं.

तेलाची पातळी इंजिन पूर्ण वर असतानाच बघायची. रॅम बाहेर आले की जास्तीत जास्त तेल सिलिंडरमध्ये असतं आणि टाकीत सर्वांत कमी. इंजिन खाली असताना झाकण उघडलं तर तेल अंगावर उडू शकतं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. फेस असेल तर हवा. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून हवा शिरली की इंजिन झटके देत वर जातं. ते वर-खाली काही वेळा फिरवून, मध्ये तेल भरत राहिलं की हवा निघते. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घालावं. यामाहाच्या अनेक इंजिनांना एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल) लागतं, सगळ्यांना नाही.

खाऱ्या पाण्यात सीलचा मोठा शत्रू दांड्यावर बसतो. रॅम बाहेर काढून बोट दिवसचे दिवस खाडीत उभी राहिली की पाण्यातल्या भागावर बार्नकल चिकटतात. रॅम आत ओढला की त्यांची कडक कवचं सीलची कड कापतात. नखाने हळूच घासून पाहिलं तरी दांड्यावरचे खड्डे कळतात. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढल्यावर दांडे गोड्या पाण्याने धुऊन इंजिन सरळ खाली ठेवावं, म्हणजे दांडे सिलिंडरच्या आत राहतात. ज्या दांड्याला आधीच खड्डे पडलेत त्यावर नवं सील चार दिवस टिकतं. तिथे दांडाच बदलावा लागतो.