कोयत्याचं पोलाद

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' धरतात. या माणसांबद्दल थोडंफार तरी लिहिलं गेलंय. खुद्द कोयत्याच्या पात्याकडे मात्र लोहार सोडून कुणी फारसं पाहत नाही.

खरं तर या पात्याकडून फार मागितलं जातं. साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून तोड जमिनीलगत हवी. जमिनीलगत म्हणजे माती आणि खडे आलेच. उसाच्या पाल्यातली सिलिका धार झिजवते ती वेगळीच. पातं मऊ असलं तर धार वळते, फार कडक असलं तर खड्यावर बसून तिचे तुकडे उडतात. शिवाय फडातच कानस मारून धार काढता आली पाहिजे.

साध्या लोखंडी पट्टीत कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास, तिला कितीही पाणी पाजा, ती कडक व्हायची नाही. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या वर, पण ती ठिसूळ. मधली जागा भरून काढली ट्रकच्या कमानीच्या पाट्याने. त्यात कार्बन 0.5 ते 0.6 टक्के. एन-45 जातीत जोडीला दीड ते दोन टक्के सिलिकॉन. एसयूपी-9 मध्ये सिलिकॉन कमी आणि क्रोमियम पाऊण टक्क्याच्या आगेमागे. भंगारात दोन्ही सारखेच गंजलेले दिसतात.

मग ओळखायचं कसं? तुकडा ग्राइंडरला लावायचा. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ जाते. कार्बन वाढला की ती टोकाशी फुलबाजीसारखी फुटते. यात एक गोम आहे: सिलिकॉन ही फूट दाबतो, त्यामुळे चांगला पाटाही कमी कार्बनचा वाटू शकतो. म्हणून तुकडा लाल करून विझवायचा आणि घणाने मोडून पाहायचा. कडक झालेला कट्‌कन मोडतो, साधं लोखंड नुसतं वाकतं. वर्षानुवर्षं ओझं सोसलेल्या पाट्यात बारीक भेगाही असतात. त्या ठिणगीत दिसत नाहीत, घाव घालतानाच उघड्या पडतात.

पाणी देणं हा सगळ्यात नाजूक भाग. पातं चुंबकाला चिकटेनासं होतं तो टप्पा सुमारे 770 अंशांचा. त्याच्या थोडं पुढे नेऊन फक्त धार तेलात बुडवायची. या पोलादाला थेट पाण्यात टाकलं तर तडा जायची भीती. पाठीत राहिलेली ऊब मग हळूहळू धारेकडे सरकते आणि घासून उजळ केलेल्या कडेवर रंग चढतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी 300 अंशांच्या सुमारास निळा. जांभळ्यापाशी हात थांबला पाहिजे. हे रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर. त्याची जाडी वाचायला लोहाराला मीटर लागत नाही.

पोलादात काय मिसळलंय या कोड्याने मोठमोठ्यांना चकवलंय. तेलंगणातलं कोनासमुद्रम वूट्झ पोलादासाठी नावाजलेलं. 1948 पर्यंत ते गाव आणि बीड एकाच निजामी राज्यात होती. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने 1819 मध्ये लंडनमध्ये वूट्झचं पृथक्करण केलं आणि त्याच्या गुणाचं श्रेय अॅल्युमिना व सिलिकाला दिलं. खरा करामती होता दीड टक्क्याच्या आसपासचा कार्बन. त्यावरच्या पाणीदार नक्षीमागे व्हॅनेडियमसारखे अंशमात्र धातू असल्याचं व्हर्होवन आणि पेंड्रे या संशोधकांनी 1990च्या दशकात दाखवलं.

आज स्पेक्ट्रोमीटरही ठिणगीच पाडतो, फक्त तिच्या प्रकाशातून प्रत्येक मूलद्रव्याची टक्केवारी काढतो. भंगारवाल्यांकडची क्ष-किरणांची बंदूक क्रोमियम लगेच सांगते, पण नेमका कार्बनच तिला दिसत नाही. आणि घटक कळले तरी पाणी कसं बसलंय ते यातलं एकही यंत्र सांगत नाही. एकाच पाट्यातून निघालेले दोन कोयते वेगळे वागतात ते त्यामुळेच. जाणता तोडकरी म्हणून विकत घेताना धारेवर कानस ओढून बघतो. ती नुसतीच घसरली तर कोयता परत ठेवतो, लोण्यासारखी रुतली तरी परत ठेवतो. अडत-अडत चावली तर भावाची घासाघीस सुरू होते.