अंगणातील वेल : आधार पाहून निवड, फूल पाहून छाटणी

शेतावरील घरापुढे एखादी फुलवेल असावी असे प्रत्येकालाच वाटते. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपवाटिकेतून एखादे रोप आणले जाते आणि दाराशी लावले जाते. पुढे मात्र बरेच ठिकाणी वेल जमिनीवर लोळत राहते, कौलांत शिरते, किंवा चार-पाच वर्षे नुसती पालाच देते. दोष रोपाचा नसतो. वेल कशी चढते आणि फूल कोणत्या फांदीवर देते, या दोन गोष्टी लावण्यापूर्वी पाहिलेल्या नसतात.

वेल कशी चढते?

द्राक्षबागायतदारांना वेलीची बाळी परिचयाची आहे. संक्रांत वेल व कृष्णकमळ अशाच बाळ्यांनी आधार पकडतात. सह्याद्रीच्या रानात आढळणारी मोरवेल मात्र पानाच्या देठाचाच वेढा घालते. या तिन्ही वेलींना बारीक तार, सुतळी किंवा जाळी लागते. जाड खांबाला बाळीचा वा देठाचा वेढा बसत नाही, म्हणून खांबाभोवती जाळी गुंडाळावी.

गोकर्ण आपल्या खोडानेच आधाराला पीळ घालते. तिला काठी किंवा उभी तार पुरते. मधुमालतीचे पान गळाले की देठाचा कठीण भाग आकड्यासारखा शिल्लक राहतो व त्याच्या मदतीने ती चढते. ही वेल फार वजनदार होते. तिच्यासाठी लोखंडी नळ्यांचा किंवा दगडी खांबांचा मांडव करावा. बांबूचा मांडव काही वर्षांतच वाकतो.

जाई व बोगनवेल यांना बाळी नसते. त्यांच्या फांद्या सुतळीने सैल बांधून दिशा द्यावी लागते. बोगनवेल काटेरी असल्याने कुंपणासाठी उत्तम, परंतु ये-जा करण्याच्या वाटेवर लावू नये. भिंतीला मुळांनी चिकटणाऱ्या वेली मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर चढवू नयेत. भिंतीत ओल राहते आणि वेल ओढून काढताना गिलावा निघतो.

लागवड

जून-जुलैमध्ये ६० × ६० × ६० सेंमी. आकाराचा खड्डा घेऊन त्यात पोयटा माती व दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत भरावे. भिंतीपासून किमान ४५ ते ६० सेंमी. अंतर ठेवावे. छपराच्या पागोळ्या पडतात त्या रेषेवर रोप लावू नये, कारण तेथे माती वाहून जाते व पाणी साचते. तारा भिंतीपासून ५ ते ८ सेंमी. पुढे ताणाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते. भारी काळ्या जमिनीत निचऱ्यासाठी खड्ड्यातील मातीत वाळू मिसळून रोप थोडे उंचावर लावावे. मोरवेलीच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. मुळांशी गारवा व शेंड्याला ऊन तिला मानवते.

गोकर्णाचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. बोगनवेलीची छाट कलमे करता येतात, तर जाईसाठी दाब कलम सोपे पडते.

छाटणी केव्हा करावी?

सर्वाधिक चूक येथेच होते. जाई व मधुमालती नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करावी. फुटवा जोमदार येऊन पुढील हंगामात फुले मिळतात. संक्रांत वेलीचे तसे नाही. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांवर तिला हिवाळ्यात नारिंगी फुलांचे घोस येतात. दिवाळीपूर्वी अंगणाची साफसफाई करताना या फांद्या कापल्या, तर त्या वर्षीचा बहार गेला असे समजावे. तिची छाटणी फुले संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्येच करावी. मोरवेल पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांनी भरते व नंतर पिसांसारखे शेपूट असलेले बी धरते. बी उडून गेल्यावर तिचे वाळके वेटोळे छाटावे.

थंड देशांत लावल्या जाणाऱ्या मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिस या मोरवेलीच्याच भाऊबंद. तेथील बागाईतदारही जुन्या फांदीवर फुलणाऱ्या व नव्या फुटव्यावर फुलणाऱ्या जाती वेगळ्या ओळखूनच छाटणी करतात. आपल्याकडील मैदानी भागातील उन्हाळा मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून चित्रावर भुलून महागडे रोप घेण्यापेक्षा स्थानिक वेल निवडावी.

बोगनवेलीला फुलोऱ्यापूर्वी पाणी कमी करावे. सतत पाणी व नत्रखत दिल्यास पाला वाढतो, रंग येत नाही.

खबरदारी

मोरवेलीच्या ताज्या रसाने कातडीला आग होऊन फोड येऊ शकतात. छाटताना हातमोजे घालावेत. अलामांडाचा चीक विषारी आहे. ती वेल गोठ्याजवळ लावू नये व तिची छाटणी गुरांपुढे टाकू नये. गुंजेचे बी अतिशय विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ही वेल टाळावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वेल एकदा लावली की ती अनेक वर्षे आपल्या दारात राहते. तेव्हा आधी आधार उभा करा, मग रोप आणा. आणि कात्री हातात घेण्यापूर्वी मागील फुले कोणत्या फांदीवर आली होती, ते एकदा आठवून पाहा.