पैठण सोडून काशीला गेलेलं घर

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात गागाभट्ट हे नाव आपल्याला एकदाच भेटतं. ६ जून १६७४, रायगड, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि तो विधी करण्यासाठी काशीहून आलेले पंडित. पुढचा धडा सुरू होतो आणि गागाभट्ट मागे राहतात.

पण काशीहून आलेला हा पंडित मूळचा होता कुठला? गागाभट्टांचं घराणं पैठणचं. त्यांच्या पणजोबांचे वडील गोदावरीचा काठ सोडून गंगेच्या काठी गेले होते. म्हणजे रायगडावर आले ते कुणी परके नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्यांचा वंशज महाराष्ट्रात आला होता.

आजोबा निघाले

या गोष्टीतले पहिले स्थलांतरित म्हणजे रामेश्वरभट्ट. गोत्र विश्वामित्र, गाव पैठण, काम विद्यार्थ्यांना शिकवण्याचं. पैठण तेव्हा दक्षिणेतलं विद्येचं मोठं केंद्र होतं. तरीही रामेश्वरभट्ट तिथून बाहेर पडले. कोल्हापूर, विजयनगर, द्वारका असा मोठा प्रवास झाला. याच काळात, १५१३ साली, त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव नारायण. पुढे पैठणला काही वर्षं काढून हे कुटुंब काशीला गेलं आणि तिथलंच झालं.

बैलगाडीचा आणि पायी चालण्याचा तो काळ. पैठण ते काशी हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त. सोबत बायको आणि लहान मूल. नव्या शहरात भाषा वेगळी, जेवण वेगळं, माणसं अनोळखी. आज मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला की घरात जी कालवाकालव होते, ती त्या घरातही झालीच असेल. फरक एवढाच की तेव्हा रात्री व्हिडिओ कॉल लावून 'जेवलास का?' असं विचारायची सोय नव्हती.

मुलानं नाव कमावलं

नारायणभट्ट काशीत वाढले आणि वडिलांकडेच शिकले. पुढे त्यांची कीर्ती इतकी झाली की लोक त्यांना 'जगद्गुरू' म्हणू लागले. 'प्रयोगरत्न' हा त्यांचा ग्रंथ घरातल्या संस्कारांवर आहे. 'त्रिस्थलीसेतु' हा प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांच्या यात्रेवर आहे.

काशी विश्वनाथाचं मंदिर त्याआधी पाडलं गेलं होतं. अकबराच्या काळात, १५८५च्या सुमारास, राजा तोडरमल यांच्या मदतीनं ते पुन्हा उभं राहिलं. त्यामागचा पुढाकार नारायणभट्टांचा मानला जातो. बाहेरून आलेल्या शिक्षकाचा मुलगा एका पिढीत काशीच्या पंडितांचा म्होरक्या झाला होता.

नातवानं लिहून ठेवलं

हे सगळं आपल्याला कळलं कसं? नारायणभट्टांचे एक चिरंजीव शंकरभट्ट हे स्वतः मोठे मीमांसक. त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास संस्कृतात लिहून ठेवला. त्या ग्रंथाचं नाव 'गाधिवंशानुचरित'. गाधी हे विश्वामित्र ऋषींचे वडील, म्हणून गोत्रावरून हे नाव आलं.

राजांचे इतिहास भाट आणि बखरकार लिहीत. एका शिक्षकाच्या घराचा इतिहास कोण लिहिणार? तो नातवानंच लिहिला. आजोबा कुठून निघाले, कुठे थांबले, वडील कसे शिकले, हे त्यानं नोंदवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालचे विद्वान हरप्रसाद शास्त्री यांनी काशीतल्या दक्षिणी पंडितांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांना याच ग्रंथाचा आधार मिळाला. तीनशे वर्षांनंतर ती वंशकथा पुन्हा लोकांसमोर आली.

दोन चुलत भाऊ

पुढच्या पिढीत याच घरातले दोन चुलत भाऊ गाजले. रामकृष्णभट्टांचे पुत्र कमलाकरभट्ट यांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' लिहिला. एकादशी आज धरायची की उद्या, श्राद्धाची तिथी कोणती, अशा प्रश्नांवर पंचांगकर्ते आजही या ग्रंथाचा हवाला देतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुठेतरी या काशीकर मराठी माणसाची सावली आहे.

शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा भागांचा ग्रंथ रचला. त्यातला 'व्यवहारमयूख' हा भाग वारसाहक्क आणि वादविवाद यांवर आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात इथल्या हिंदू कुटुंबांच्या वाटणीचे खटले न्यायालयं प्रामुख्यानं या ग्रंथाच्या आधारे सोडवत. १८८० साली विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला.

या ग्रंथानं सख्ख्या बहिणीला वारसांच्या यादीत बरंच वरचं, आजीच्या लगेच नंतरचं स्थान दिलं होतं. इतर अनेक ठिकाणी बहिणीला ते मिळत नव्हतं. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा येईपर्यंत ज्या बहिणींना या नियमामुळे भावाच्या मागे त्याची मालमत्ता मिळाली, त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल की त्यामागे पैठणहून गेलेल्या एका घरातलं पुस्तक आहे?

या दोन भावांची मतं मात्र बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत. एकाच घरात दोन मोठे विद्वान, आणि दोघांचे निर्णय वेगळे! चुलत भावांचे वाद काही आजचे नाहीत.

पणतू रायगडावर

कमलाकरभट्टांचे भाऊ दिनकरभट्ट. त्यांच्या मुलाचं नाव विश्वेश्वर. वडील त्याला लाडानं 'गागा' म्हणत. ते घरातलं नावच इतिहासात राहिलं.

१६६९ साली औरंगजेबाच्या काळात काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा पाडलं गेलं. पणजोबांच्या प्रयत्नांनी उभं राहिलेलं ते मंदिर गागाभट्टांच्या हयातीत गेलं. त्यानंतर पाचच वर्षांनी ते रायगडावर होते. महाराजांना शास्त्रोक्त राज्याभिषेक करता येईल का, यावर महाराष्ट्रात वाद होता. काशीच्या या नामांकित घराण्यातल्या पंडितानं 'होय' म्हटलं आणि विधी स्वतः पार पाडला. त्या शब्दाला वजन होतं, कारण त्यामागे चार पिढ्यांची विद्या होती.

तुमचे रामेश्वरभट्ट कोण?

भट्ट घराण्यानंतरही मराठी माणसं काशीला जात राहिली. झाशीची राणी लक्ष्मीबाई यांचा जन्म काशीतला. 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीत जन्मलेले मराठी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरांची जुनी वस्ती आहे आणि तिथे गणेशोत्सवही होतो.

आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एक 'पहिला माणूस' असतो. कुणी कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेला, कुणी दुष्काळात गाव सोडलेला, कुणी बडोद्याला, इंदूरला किंवा न्यू जर्सीला गेलेला. दोन पिढ्यांनंतर त्याचं फक्त नाव उरतं. मग तेही जातं.

या सुट्टीत एवढं करून पाहा. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. प्रश्न साधे ठेवा. आपण कुठून आलो? कोण निघालं? का निघालं? पहिली रात्र कुठे काढली? आजीच्या माहेरचीही गोष्ट विचारा, कारण वंशावळीत ती बहुधा सुटते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या जुन्या वह्या असतात. तिथे गेलात तर गाव आणि आडनाव सांगून चौकशी करा. कदाचित पणजोबांची सहीही सापडेल.

मग ते लिहून काढा. संस्कृत श्लोक नकोत, चार साधी पानं पुरेत. शंकरभट्टांनी लिहिलं म्हणून आज रामेश्वरभट्ट आपल्याला भेटले. तुमच्या पणजोबांना कुणी भेटवायचं, हे आता तुमच्याच हाती आहे.