अल्प खर्चात चित्रपाटीची निवड

संगणकावर हाताने चित्र काढण्याचे साधन म्हणजे ड्रॉइंग टॅबलेट. पाटी व लेखणी यांच्याच कुळातील हे साधन असल्याने त्यास चित्रपाटी म्हणण्यास हरकत नसावी. ज्या शाळेत एखादाच संगणक आहे आणि कलासाहित्यासाठी रक्कम बेताची आहे, तेथे ही खरेदी वारंवार होणे नाही. ती फसली तर पाटी कपाटात पडून राहते, व तेवढ्या रकमेत येणारे कागद आणि रंगही मुलांना अंतरतात.

पडदा असलेली व बिनपडद्याची अशा चित्रपाटीच्या दोन जाती आहेत. पहिलीवर पेन टेकते तेथेच रेघ उमटते. परंतु तिची किंमत कित्येक पटींनी अधिक असते. म्हणून अल्प खर्चात बिनपडद्याचीच पाहावी. तीत हात खाली व दृष्टी संगणकाच्या पडद्यावर ठेवावी लागते. प्रथम हे अवघड वाटते खरे; पण काही दिवसांत सवय जडते, आणि मुलांना ती बहुधा गुरुजींच्या आधी जडते.

पेन विनाबॅटरीचे असावे. पाटीच्या पोटातील तारांच्या जाळीतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात व पेनातील वेटोळे त्यांच्याच बळावर उलट संकेत धाडते. त्यामुळे ते चार्ज करण्याची कटकट उरत नाही. दाबाच्या पायऱ्यांची मात्र जाहिरातीत फार मिरवणूक असते. २०४८, ४०९६, ८१९२, अलीकडे १६३८४ सुद्धा! हाताला हा भेद क्वचितच जाणवतो. शिकणाऱ्यास २०४८ पुरे. रबरी टोकाची स्वस्त लेखणी मात्र घेऊ नये, कारण तिला दाब मुळीच कळत नाही.

आकाराचा विचार अधिक महत्त्वाचा. वॅकॉम कंपनीच्या लहान पाटीचे रेखनक्षेत्र १५२ × ९५ मिलिमीटर, म्हणजे १६:१० या प्रमाणात आहे. संगणकाचा पडदा १६:९ असल्यास पाटीवरील वर्तुळ पडद्यावर सुमारे एक-नवमांश अधिक रुंद, अंडाकृती उमटते. यासाठी पाटीच्या जोडणीत प्रमाण राखण्याची सोय असते, ती प्रथम चालू करावी. संगणक नसल्यास काही पाट्या अँड्रॉइड मोबाईललाही जोडता येतात. परंतु मोबाईल उभा धरल्यास एवढ्याच पाटीचा जेमतेम ४३ मिलिमीटर रुंदीचा पट्टा उपयोगी पडतो. वर्गात दाखविण्यास तो अपुराच होय.

चित्रणासाठी क्रिटा ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती विंडोजवर व लिनक्सवरही चालते. पाटीचा ड्रायव्हर शाळेतील संगणकाच्या प्रणालीस चालतो की नाही, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावी. पेनाची टोके झिजतात, तेव्हा सुटी टोके सोबत आहेत ना, हेही पाहावे.

पाटी हाती येताच पट्टी धरून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढावी. ती नागमोडी उमटली आणि ड्रायव्हर पुन्हा बसवूनही सुधारली नाही, तर बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी पाटी परत करावी.